टूरिंग कारचा सेटअप: पुण्यातल्या आरसी रेसर्सचे नेहमीचे प्रश्न

खालची उत्तरं १/१० मापाच्या, १९० मिमी रुंदीच्या, विजेवर चालणाऱ्या फोर-व्हील ड्राइव्ह आरसी (रिमोट कंट्रोलच्या) टूरिंग कारसाठी आहेत. रबरी टायर, दोन सेलची लायपो बॅटरी आणि डांबरी किंवा सिमेंटचा ट्रॅक गृहीत धरला आहे. दिलेले आकडे सुरुवात करण्यासाठी आहेत. अंतिम आकडा तुमचा ट्रॅक आणि घड्याळ ठरवेल.

नवी गाडी जोडून झाली. सेटअपला हात कुठून घालायचा?

किटसोबत आलेल्या सेटअप शीटपासून. कारखान्याने दिलेला सेटअप बहुतेक वेळा सौम्य आणि चालवायला सोपा असतो. इंटरनेटवर एखाद्या जागतिक विजेत्याचा सेटअप सापडला तरी तो त्याच्या ट्रॅकसाठी, त्याच्या टायरसाठी आणि त्याच्या हातासाठी केलेला असतो. धुळकट सिमेंटवर तो जसाच्या तसा लावला तर गाडी हमखास मागून सुटते.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी गाडी मोकळी करा, मग सरळ करा, मग टायर ठरवा, मग गिअरिंग. स्प्रिंग, रोल सेंटर, अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी तार) हे सगळं त्यानंतर. पुष्कळ जण नेमकं उलट करतात. अडकलेल्या आर्मच्या (चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याच्या) गाडीला नवी स्प्रिंग लावतात आणि स्प्रिंगला दोष देतात.

‘मोकळी’ म्हणजे नेमकं काय?

चारही शॉक आणि अँटी-रोल बारच्या लिंक काढा. गाडी हातात धरून प्रत्येक आर्म वर उचला आणि सोडा. तो स्वतःच्या वजनाने, न अडखळता खाली पडला पाहिजे. मध्येच थांबला किंवा सावकाश उतरला तर कारण शोधा.

बहुतेक वेळा तीनच कारणं निघतात. पहिलं, हिंज पिन, म्हणजे आर्म जिच्यावर फिरतो ती पिन. किटमधल्या नव्या आर्मचं भोक किंचित आवळ असतं. त्यातून ३ मिमीचा रीमर हाताने फिरवा. ड्रिल लावू नका, भोक अंडाकृती होतं. जुन्या गाडीत पिन वाकलेली असू शकते. ती काढून काचेवर लोळवा, वाकलेली असेल तर लगेच दिसते. दुसरं, बॉलकप (लिंकच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) घट्ट असणं. कप बॉलवर बसलेला असतानाच पक्कडीने बाहेरून हलका दाब द्या आणि पुन्हा हलवून बघा. तिसरं, शिम (पातळ वॉशर) जास्त पडल्यामुळे आर्म दोन्ही बाजूंनी चिमटला जाणं. पुढे-मागे ०.०५ ते ०.१ मिमीची हालचाल हवीच. शून्य ढिलाईच्या नादात सस्पेन्शन जाम होतं.

मग ड्राइव्हट्रेन. मोटरवरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, बाजूला करा आणि तो ज्याला फिरवतो तो मोठा स्पर गिअर बोटाने फिरवा. चाकं बराच वेळ फिरत राहिली पाहिजेत आणि कुठेही घरघर ऐकू येता कामा नये. बेल्ट फार ताणलेला असेल तर गाडी जड चालते, फार ढिला असेल तर ब्रेक मारताना दात सुटतात. लांब बेल्ट मधोमध बोटाने दाबल्यावर ४-५ मिमी दबला की ठीक.

माझी गाडी डावीकडे छान वळते, उजवीकडे मात्र पुढून घसरते. का?

याला ट्वीक म्हणतात. गाडीचा एक कर्ण जास्त भार उचलतोय आणि दुसरा कमी. सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा याच दोषापायी वाया जातो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हे उत्तर लांब आहे.

सुरुवात चासीपासून. सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटवर चाकं काढलेली गाडी ठेवा आणि चारही कोपरे आळीपाळीने दाबा. कुठे टकटक झाली तर चासी पिळलेली आहे. अपघातानंतर असं होतंच. वरच्या डेकचे स्क्रू, मोटर माउंटचे स्क्रू आणि बल्कहेडचे वरचे स्क्रू अर्धा फेरा सैल करा. चासी काचेवर तळहाताने दाबून धरा आणि स्क्रू एक पुढचा, एक मागचा, एक डावा, एक उजवा असे तिरके आवळत जा. एका बाजूचे सगळे आवळून मग दुसऱ्या बाजूला वळलात तर पीळ तुम्हीच भरता.

चासी सरळ आहे याची खात्री पटली की शॉक मोजा. व्हर्नियर कॅलिपरने चारही शॉकची पूर्ण उघडी लांबी बघा. एकाच अ‍ॅक्सलवरच्या दोन शॉकमध्ये ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. स्प्रिंगचीही लांबी बघा. वापरलेल्या जोडीतली एक स्प्रिंग आखडलेली असू शकते.

आता प्रत्यक्ष तपासणी. अँटी-रोल बारच्या लिंक सोडा. डावा-उजवा ड्रूप (चाक खाली किती लोंबू शकतं ते) सारखा आहे याची खात्री करा, नाहीतर पुढची चाचणी खोटी ठरते. गाडी रेससाठी तयार असते तशी, म्हणजे बॅटरी आणि सगळी इलेक्ट्रॉनिक्स लावून, सपाट फळीवर ठेवा. तिला दोन-चार वेळा वरून दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. चासीच्या पुढच्या कडेला, बरोबर मध्यरेषेवर, कटरच्या पात्याचं टोक घाला आणि अगदी हळू उचला. डोळा फळीच्या उंचीला आणा आणि दोन्ही पुढच्या टायरखालची फट बघत राहा. दोन्ही एकाच क्षणी सुटली तर मागची बाजू समतोल आहे. डावं चाक आधी सुटलं तर मागच्या डाव्या स्प्रिंगचा प्रीलोड (आधीपासून दिलेला दाब) जास्त आहे. मागची डावी कॉलर (स्प्रिंग दाबणारी कडी) पाव फेरा सैल करा, मागची उजवी पाव फेरा आवळा, गाडी पुन्हा दाबून सोडा आणि पुन्हा बघा. पुढची चाकं उचलून मागच्या स्प्रिंग जुळवायच्या आणि मागची उचलून पुढच्या, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा.

शेवटी बार परत लावा आणि तीच चाचणी पुन्हा करा. बार लावल्यावर फरक पडला तर दोष बारच्या लिंकच्या लांबीत आहे, स्प्रिंगमध्ये नाही. तिथे स्प्रिंगला हात लावू नका.

कॉलरला दीड-दोन फेऱ्यांचा फरक देऊनही चाकं एकत्र सुटत नसतील तर प्रीलोडने झाकायचा प्रयत्न सोडा. कुठेतरी काहीतरी वाकलं आहे किंवा डाव्या-उजव्या बाजूच्या वजनात मोठा फरक आहे.

वजनाचा समतोल कसा बघायचा?

बऱ्याच चासींना खाली मध्यरेषेवर पुढे आणि मागे एकेक छोटं भोक दिलेलं असतं. दोन टोकदार खुंट्यांवर गाडी त्या भोकांत टेकवा. ज्या बाजूला कलते तिथलं वजन जास्त. आधी रिसीव्हर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) आणि वायर सरकवून जमतंय का बघा, मग पितळेची वजनं चिकटवा. किमान वजन क्लासच्या नियमांत दिलेलं असतं. ते शर्यतीआधी बॉडी आणि ट्रान्सपॉन्डरसकट (लॅप मोजायच्या यंत्रासकट) मोजा.

सेटअप स्टेशन (चाकांचे कोन मोजायचा संच) महाग आहे. त्यावाचून चालेल?

सुरुवातीला चालेल. कॅम्बर (समोरून बघता चाकाचा तिरपेपणा) मोजायचं गेज, राइड हाइट (जमिनीपासून चासीच्या तळाची उंची) मोजायचं पायऱ्यांचं गेज आणि व्हर्नियर एवढ्यावर बरंच काम होतं. सपाट पृष्ठभाग मात्र लागतोच. ग्रॅनाइटच्या दुकानात किचन ओट्यातून सिंकसाठी कापलेले तुकडे पडून असतात. साधारण ६० × ४० सेंमीचा तुकडा मागा, त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड येतोय का बघा आणि मगच घ्या. ८ किंवा १० मिमी जाडीची काचही उत्तम. घरातली फरशी आणि प्लायवूडचं टेबल, दोन्ही यासाठी निरुपयोगी.

मागचा टो (वरून बघता चाक आत किंवा बाहेर वळलेलं असतं तो कोन) बहुतेक गाड्यांत सस्पेन्शन माउंटच्या इन्सर्टने ठरतो, तो मोजत बसावा लागत नाही. पुढचा टो आणि डावी-उजवी स्टीअरिंगची मर्यादा अचूक बघायची असेल तेव्हा स्टेशन हवं. दोन-तीन मित्रांत मिळून एक घेतलं तरी पुरतं.

राइड हाइट किती ठेवायची?

कार्पेटवर ५ मिमी. चांगल्या डांबरावर पुढे ५.२, मागे ५.५. आपल्याकडच्या खरखरीत डांबरावर किंवा सोसायटीच्या आवारातल्या सिमेंटवर, जिथे स्लॅबच्या सांध्यांची कड वर आलेली असते, ६ ते ६.५ मिमी. एक फेरी मारून चासीचा तळ बघा. पुढच्या कडेला नवे ओरखडे दिसले तर अर्धा मिमी वर घ्या.

मोजताना त्या दिवशी वापरणार तेच टायर लावलेले हवेत. टायर झिजला की राइड हाइट उतरते.

ड्रूप म्हणजे काय आणि तो एवढा महत्त्वाचा का?

गाडी उभी असते त्या स्थितीतून चाक आणखी किती खाली लोंबू शकतं, तो आकडा म्हणजे ड्रूप. गेजचे आकडे प्रत्येक कंपनीच्या गाडीत वेगळे येतात, म्हणून सोपी पद्धत वापरा. राइड हाइट ५.५ मिमी आहे असं धरा. गाडीचा पुढचा भाग उचलत जा आणि चाकं जमीन सोडतात त्या क्षणी चासीची उंची मोजा. ती ७.५ आली तर ड्रूप २ मिमी.

पुढे २ आणि मागे २.५ ते ३ मिमी ही सुरक्षित सुरुवात. मागचा ड्रूप वाढवला की थ्रॉटल सोडताच गाडीचा मागचा भाग जास्त उचलतो, वजन पुढे येतं आणि गाडी वळणात चटकन शिरते. पुढचा ड्रूप वाढवला की थ्रॉटल देताना नाक वर येतं, मागे पकड वाढते आणि बाहेर पडताना स्टीअरिंग कमी होतं. खड्डे आणि सांधे असलेल्या ट्रॅकवर दोन्हीकडे थोडा जास्तच ठेवा, म्हणजे चाक जमिनीला धरून राहतं.

ड्रूपचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला तरी गाडीचा स्वभाव बदलतो. स्प्रिंग बदलण्याआधी हे करून बघा, याला खर्च शून्य.

कॅम्बर, टो आणि कॅस्टरचे सुरुवातीचे आकडे?

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे शब्द परिचयाचे आहेतच, मोठ्या गाडीतला अर्थ इथेही तोच.

कॅम्बर पुढे-मागे उणे १.५ ते उणे २ अंश. खरा न्याय टायर करतो. पाच-सात मिनिटं चालवून टायरची झीज बघा. आतली कड जास्त झिजली तर कॅम्बर कमी करा, बाहेरची झिजली तर वाढवा. मागचा टो ३ अंश आत. गाडी फारच स्थिर आणि आळशी वाटली तर २.५. पुढचा टो शून्य ते १ अंश बाहेर. कॅस्टर (बाजूने बघता स्टीअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) ४ अंशांपासून सुरू करा. वाढवला तर सरळ रस्त्यावर गाडी शांत राहते.

शॉकमध्ये तेल किती घट्ट घालायचं? पुण्याच्या हवेत फरक करावा लागतो का?

लागतो. सिलिकॉन तेल गरम झालं की पातळ होतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हवा १०-१२ अंशांवर असते, एप्रिल-मेच्या दुपारी ३८-४०, आणि डांबर तर त्याहून कितीतरी तापतं. हिवाळ्यात ३५० सीएसटी (तेलाच्या घट्टपणाचं एकक), एरवी ४००, कडक उन्हाळ्यात ४५० ते ५००.

तेल विकत घेताना एकक बघा. काही बाटल्यांवर ‘डब्ल्यूटी’ लिहिलेलं असतं, काहींवर सीएसटी. असोसिएटेडच्या मोजणीत ३० डब्ल्यूटी म्हणजे ३५० सीएसटी, ३५ म्हणजे ४२५ आणि ४० म्हणजे ५००. दुसऱ्या कंपनीचा डब्ल्यूटी याच्याशी जुळेलच असं नाही. म्हणून सीएसटी लिहिलेलं तेलच घ्या आणि एकाच कंपनीचं वापरत राहा.

भरताना घाई करू नका. पिस्टन तळाला ठेवून शॉक काठोकाठ भरा, शाफ्ट सावकाश वर-खाली करा आणि शॉक दहा मिनिटं उभा ठेवा, म्हणजे बुडबुडे वर येतात. मग डायफ्रॅम बसवा, टोपी अर्धी लावा, शाफ्ट हळूच आत ढकला म्हणजे जास्तीचं तेल बाहेर पडेल, आणि टोपी घट्ट करा. दोन शॉक शेजारी धरून एकाच वेळी आत दाबा आणि सोडा. दोन्ही सारख्याच वेगाने आणि सारख्याच अंतरावर परत आले पाहिजेत. दाबताना चुळचुळ आवाज आला तर आत हवा आहे, पुन्हा उघडा.

स्प्रिंग आणि अँटी-रोल बार कधी बदलायचे?

ज्या टोकाला पकड हवी, तिथे मऊ. ज्या टोकाची पकड जास्त वाटते, तिथे कडक. गाडी पुढून घसरत असेल तर पुढची स्प्रिंग एक पायरी मऊ किंवा पुढचा बार १.३ ऐवजी १.२ मिमीचा. मागून सुटत असेल तर हेच मागे.

फरक असा की स्प्रिंग सगळीकडे काम करते, बार मुख्यतः गाडी कलल्यावर. वळणात शिरताना सगळं ठीक आणि एस वळणात दिशा बदलताना गाडी आळसावते, तर बार जाड करा. धुळकट ट्रॅकवर मागचा बार काढून टाकणं हाही एक प्रामाणिक उपाय आहे.

रोल सेंटरचं गणित समजत नाही. सोप्या भाषेत?

वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर. वरच्या लिंकचा आतला बॉल स्टड वर उचलला, म्हणजे त्याखाली शिम वाढवले, की रोल सेंटर खाली जातं. गाडी जास्त कलते, पकड हळूहळू आणि जास्त मिळते. शिम काढले की रोल सेंटर वर जातं, गाडी कमी कलते आणि झटपट प्रतिसाद देते. पण पकड सुटते तेव्हा एकदम सुटते. आर्मच्या आतल्या पिनखाली, म्हणजे सस्पेन्शन माउंटखाली, शिम घातले तर उलट होतं: रोल सेंटर वर जातं.

बदल अर्ध्या मिमीचा आणि एका वेळी एकाच टोकाला. नंतर कॅम्बर पुन्हा मोजा, तो हललेला असतो.

मागच्या डिफमध्ये (डिफरन्शियलमध्ये) कुठलं तेल? आणि पुढे स्पूल की डिफ?

पुढे स्पूल. दोन्ही पुढची चाकं एकत्र बांधल्यामुळे ब्रेकिंग सरळ होतं आणि वळणातून बाहेर पडताना गाडी ओढली जाते. सोबत दुहेरी सांध्याचे ड्राइव्हशाफ्ट हवेत, नाहीतर पूर्ण स्टीअरिंगला चाकं थरथरतात. अगदी कमी पकडीच्या सिमेंटवर स्पूल गाडीला पुढे ढकलतो असं वाटलं, तर पुढे घट्ट तेलाचा गिअर डिफ वापरून बघा.

मागे ५००० ते ७००० सीएसटी. पातळ तेलाने मागची चाकं वळणात आपापल्या वेगाने फिरतात, गाडी सहज वळते आणि मागे धरून राहते. फारच पातळ झालं तर आतलं चाक नुसतं भिरभिरतं आणि वेग मिळत नाही. घट्ट तेलाने दोन्ही चाकं एकत्र ढकलतात, पण निसरड्या जागी थ्रॉटल देताच मागचा भाग एकदम बाहेर येतो.

प्रत्येक वेळी सारखंच तेल भरलं जावं म्हणून डिफ ग्रॅमच्या वजनकाट्यावर ठेवून भरा. डिफ गळत असेल तर ओ-रिंग बदला आणि बसवताना तिला ग्रीस लावा. कोरडी ओ-रिंग हेच गळतीचं सर्वांत मोठं कारण.

कुठले टायर घ्यायचे?

शर्यत असेल तर आयोजकांनी ठरवलेले. सरावालाही तेच. सेटअपमधली कुठलीही दुसरी गोष्ट टायरइतका फरक पाडत नाही.

सोरेक्स आणि स्वीपसारख्या टायरवर २८, ३२, ३६ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितकं रबर कडक आणि तितक्या गरम ट्रॅकसाठी. हिवाळ्यातल्या सकाळी २८, पावसाळा संपल्यावरच्या मोकळ्या दिवसांत ३२, मार्चपासून पुढे ३६. मेच्या दुपारी ३६ सुद्धा तापून चिकट होतो आणि दोन-तीन मिनिटांनी गाडी तरंगायला लागते. त्या दिवसांत सकाळी लवकर किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर चालवा.

टायर रिमला सगळीकडून चिकटलाय ना, हे प्रत्येक वेळी अंगठ्याने कड ओढून बघा. सुटला असेल तर पातळ सुपरग्लूचा एकेक थेंब. नवा टायर पहिल्या एक-दोन बॅटरीत निसरडा वाटतो. वरचा चकाकणारा थर जाईपर्यंत त्यावरून सेटअपचा निर्णय घेऊ नका.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा बास्केटबॉल कोर्टवर सराव करून सेटअप जमेल?

चालवायला शिकाल. सेटअप अर्धाच जमेल. कोर्ट २८ × १५ मीटरचं असतं, त्यात २१.५ टर्नची (मोटरच्या तारेचे वेढे; जास्त वेढे म्हणजे कमी वेग) गाडी व्यवस्थित फिरते. पण बारीक धुळीमुळे पकड दर बॅटरीगणिक बदलते. आधी खराट्याने झाडा, गाडीची वाट तयार होईपर्यंत एक जुना टायरचा संच वापरा, मग मोजमाप सुरू करा. पावसाळ्यानंतर सिमेंटवर हिरवट शेवाळ राहिलेलं असतं. ते वाळलेलं दिसलं तरी त्यावर पकड नसते, घासून काढावं लागतं.

आणि परवानगी घ्या. मुलं, ज्येष्ठ आणि गाड्या नसतील अशी वेळ निवडा. दीड किलोच्या आसपासची वस्तू ४०-५० किमी वेगाने घोट्यावर आदळली तर गंभीर इजा होते.

गिअरिंग कसं ठरवायचं?

सूत्र एकच. स्परचे दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गाडीचं आतलं गुणोत्तर. स्पर ९६, पिनियन ४५ आणि आतलं गुणोत्तर १.९ असेल तर ९६ ÷ ४५ × १.९ = ४.०५. याला फायनल ड्राइव्ह म्हणतात. ६३ मिमी व्यासाच्या टायरचा घेर सुमारे १९८ मिमी, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्यात गाडी साधारण ४९ मिमी पुढे जाते.

टायमिंग न वाढवणाऱ्या, म्हणजे ब्लिंकी, ईएससीवर मध्यम आकाराच्या ट्रॅकसाठी सुरुवात अशी करा: २१.५ टर्नला ३.६, १७.५ ला ४.२, १३.५ ला ५.२. मोटर कंपनीने वेगळा आकडा सांगितला असेल तर तो माना.

पुढचं काम थर्मामीटरचं. तीन मिनिटं चालवून मोटरचं तापमान मोजा. ५५ अंशांच्या आत असेल तर पिनियन एका दाताने वाढवता येईल. शर्यतीच्या पूर्ण वेळानंतर ७५ ओलांडलं तर एक-दोन दात कमी करा. हिवाळ्यात जुळवलेलं गिअरिंग मेमध्ये तसंच ठेवलं तर रोटरचं चुंबकत्व कमी होतं आणि मोटर कायमची मंदावते. एंडबेलवरचं (मोटरच्या मागच्या झाकणावरचं) टायमिंग वाढवलं की तापमानही वाढतं, म्हणून एका वेळी गिअर किंवा टायमिंग, दोन्ही एकदम नाही.

पिनियन आणि स्परमधली फट किती?

वहीच्या कागदाची पट्टी दोघांमध्ये घालून मोटर आवळा, पट्टी काढा. स्पर एक पूर्ण फेरा फिरवून चारही ठिकाणी किंचित टिकटिक हालचाल आहे का बघा. स्पर कधीच अगदी गोल नसतो. पिच (दातांचं माप) जुळतोय ना, हेही बघा; ४८ आणि ६४ एकत्र लावले तर स्परचे दात पहिल्याच बॅटरीत उडतात.

ट्रान्समीटरवर आधी काय लावायचं?

ट्रिम आणि सबट्रिम शून्यावर, सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर) चालू, मगच हॉर्न (तिच्यावरचा छोटा दांडा) सर्व्होला काटकोनात बसवा. त्यानंतर दोन्ही स्टीअरिंग लिंक सारख्या लांबीच्या करा. डावी-उजवी मर्यादा एंडपॉइंटने वेगवेगळी जुळवा: पूर्ण स्टीअरिंगवर हळू गोल फिरवा, दोन्ही वर्तुळं सारख्या व्यासाची आली पाहिजेत. सर्व्हो टोकाला गुणगुणत असेल तर मर्यादा कमी करा, नाहीतर तो जळेल.

गाडी सरळ जाण्यासाठी ट्रिमवर बोट ठेवावं लागत असेल तर दोष यांत्रिक आहे. थ्रॉटलवर एका बाजूला ओढते आणि सोडल्यावर सरळ जाते, तर ट्वीक तपासा.

लायपोबद्दल काय काळजी?

एक सीने चार्ज करा: ५००० एमएएचला ५ अँपिअर, बॅलन्स वायर लावून, शेवटी ८.४ व्होल्ट. ईएससीचा कटऑफ प्रति सेल ३.२ व्होल्ट. दोन दिवसांहून जास्त ठेवायची असेल तर प्रति सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत बॅटरी सोडून जाऊ नका. चार्ज होत असताना खोली सोडू नका. फुगलेली बॅटरी वापरू नका आणि रोजच्या कचऱ्यातही देऊ नका, पूर्ण डिस्चार्ज करून ई-कचऱ्यात द्या.

विमानाने शर्यतीला जाताना सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्याव्या लागतात. ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-अवर, १०० च्या मर्यादेत बसते. टोकांना टेप लावा.

तामिया टीटी-०२ घेऊन शर्यत खेळता येईल?

येईल, आणि शिकायला ती फार चांगली गाडी आहे. किटमधलं गुणोत्तर स्पर ७०, पिनियन २२ आणि आतलं २.६, म्हणजे ८.२७. साध्या सिल्व्हर कॅन मोटरला ते ठीक. ब्रशलेस २१.५ लावली तर ते फारच लहान पडतं, स्पीड गिअरचा संच लागतो.

पैसे खर्च करायचा क्रम: किटमध्ये बुश असतील तर आधी ५ × ११ × ४ मिमीची बेअरिंग, मग तेलाचे शॉक, मग टायर. अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत आर्मना सर्वांत शेवटी, किंवा कधीच नाही. प्लॅस्टिकचा आर्म लवचिक असल्यामुळे धडकेत टिकतो. तामियाचे फुली स्क्रू जपानी मापाचे असतात. साध्या फिलिप्स ड्रायव्हरने डोकं खराब होतं, जेआयएस ड्रायव्हर घ्या.

स्क्रू, वायर, अवजारं पुण्यात कुठे मिळतील?

एम३ चे अ‍ॅलन स्क्रू, नायलॉक नट आणि वॉशर रविवार पेठेत बोहरी आळीत. स्क्रू घेताना १२.९ ग्रेड मागा, मऊ स्क्रूचं डोकं लगेच घासतं. सोल्डर, सिलिकॉन वायर, कनेक्टर, हीटश्रिंक बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. ड्रायव्हर मात्र चांगले घ्या: १.५, २ आणि २.५ मिमी. थ्रेडलॉक निळा, आणि फक्त धातूत धातू जातो तिथेच. प्लॅस्टिकला लागला तर ते ठिसूळ होऊन तडकतं.

बॉडी कुठे बसवायची?

पुढे सरकवली तर पुढची पकड वाढते, मागे सरकवली तर गाडी स्थिर होते. दोन-तीन मिमीचाही फरक जाणवतो. पूर्ण स्टीअरिंग आणि पूर्ण दाबलेल्या सस्पेन्शनवर टायर बॉडीला घासत नाही ना, ते हाताने दाबून बघा. बॉडीच्या आत काळे पट्टे दिसले तर चाकाची कमान आणखी कापा. ‘गाडी अचानक वळायची थांबते’ या तक्रारीत कितीदा तरी एवढंच निघतं.

पावसाळ्यात चार महिने गाडी ठेवून द्यायची आहे. काय करू?

बेअरिंग काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, वाळवा आणि प्रत्येकात पातळ तेलाचा एक थेंब घाला. ड्राइव्हशाफ्ट आणि हिंज पिन पुसून तेलाचा हात फिरवा, जूनच्या पहिल्या आठवड्यातच गंज धरतो. गाडीचा भार स्प्रिंग आणि टायरवर राहू नये म्हणून गाडी ठोकळ्यावर ठेवा. टायर बंद पिशवीत, उजेडापासून दूर. बॅटऱ्या महिन्यातून एकदा मोजा. प्रति सेल ३.७ खाली गेली असेल तर पुन्हा ३.८ वर आणा.

सेटअप बदलला, वेळ सुधारला की नाही हे कसं ओळखायचं?

एका वेळी एकच बदल. बदलाआधी सलग दहा लॅप, नंतर सलग दहा लॅप, शक्य तर तशाच चार्ज केलेल्या बॅटरीवर. सर्वांत वेगवान लॅप बघू नका, दहांची सरासरी आणि त्यातली चढउतार बघा. सरासरी तीच राहिली आणि लॅप एकमेकांच्या जवळ आले, तरी तो बदल ठेवा. शेवटी पहिला सेटअप परत लावून पुन्हा दहा लॅप मारा. तोही तितकाच सुधारलेला निघाला, तर ट्रॅक बदलला होता किंवा तुमचा हात बसला होता. तारीख, वेळ, ट्रॅकचं तापमान, टायर आणि बदल वहीत लगेच लिहा.